थोडक्यात हुकलं! धनजमध्ये बनवलेला घरगुती स्की-बॉल

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग कोडबद्दल कमी आणि प्लायवूडबद्दल जास्त आहे. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गावी, म्हणजे वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजला, एक खेळ बनवला. मॉलमधल्या गेम झोनमध्ये तुम्ही तो पाहिला असेल. लांब पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडायचा, पुढे एक चढ येतो, चेंडू त्यावरून उसळतो आणि समोरच्या कड्यांपैकी एकीत पडतो. लांबची, लहान कडी म्हणजे जास्त गुण. याला स्की-बॉल म्हणतात.

हा खेळ कसा बनवायचा, ते सांगतेच. पण मी तो का बनवला, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढे मी एका कडीच्या जागेसाठी दोन दिवस का घालवले, ते कळणार नाही.

चाक कुठे थांबायचं ते कोण ठरवतं

मी बी.टेक. झाल्यावर काही वर्षं एका ऑनलाइन गेमिंग कंपनीत काम केलं. कंपनीचं नाव इथे घेत नाही. पैसे लावून खेळायचे गेम होते. माझ्याकडे त्यातला एक छोटा भाग होता: रोज एकदा फिरवायचं बक्षिसाचं चाक. तुम्ही बोटाने चाक फिरवता, ते गरगर फिरतं, हळू होतं आणि मोठ्या बक्षिसाच्या अगदी शेजारच्या घरात थांबतं. आपण म्हणतो, "अरेरे, थोडक्यात हुकलं!"

ते थोडक्यात हुकत नव्हतं. तुम्ही बटण दाबताच सर्व्हर निकाल ठरवून मोकळा व्हायचा. चाकाचं फिरणं म्हणजे त्यानंतर लावलेला सिनेमा. आणि चाक मोठ्या बक्षिसाशेजारी थांबलेलं दिसावं, अशी लेखी सूचना होती. ते कोड मी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. चाक हळू होतानाची ती शेवटची टिकटिक माझीच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद झाले. आमची टीमही बंद झाली. मी गावी आले.

दिवाळी झाली होती, घरोघरी सोयाबीन विकून झालं होतं. एका संध्याकाळी माझा चुलत भाऊ ओट्यावर येऊन बसला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याने आदल्या वर्षी काकांच्या सोयाबीनच्या पैशातले बरेचसे एका अ‍ॅपवर घालवले होते. ते अ‍ॅप आमचं नव्हतं. पण त्याने विचारलं, "ताई, एक सांग. ते चाक दरवेळी मोठ्या घराच्या बाजूलेच काहून थांबे वं? मले वाटे आता आलं, आता आलं."

मी त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी शिकत होतो असं मले वाटे, अन् शिकासारखं त्यात काहीच नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच सुमाराला गावातल्या शाळेच्या बाल आनंद मेळाव्याची तयारी सुरू होती. पोरं भेळेचे, चहाचे, खेळांचे स्टॉल लावतात. सरांनी विचारलं, "तुम्ही गेमच बनवता ना? मुलांसाठी काहीतरी करा." मी हो म्हटलं, आणि भावाला म्हटलं, तू माझ्यासोबत बनव.

मूळ खेळ कुठला

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड गावच्या जोसेफ फोरेस्टिअर सिम्पसन यांनी डिसेंबर १९०८ मध्ये या खेळाचं पेटंट घेतलं. स्कीवरून घसरत येऊन उतारावरून हवेत झेपावणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नाव कुठून आलं ते कळेल. सुरुवातीच्या पट्ट्या ३० फुटांहून लांब होत्या. तेवढा जोर मोठ्या माणसांनाच लावता यायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी पट्टी १४ फुटांवर आली आणि बायका-मुलंही खेळू लागली. १९३२ मध्ये अटलांटिक सिटीत राष्ट्रीय स्पर्धा झाली. एका डावात नऊ चेंडू, हा रिवाज आजही आहे.

आपल्याकडे याचं चुलत भावंड म्हणजे बॅगाटेल. लाकडी फळी, खिळे, गोट्या आणि स्प्रिंगची दांडी. बॅगाटेलमधूनच पुढे पिनबॉल आला आणि पिनबॉलची एक गोष्ट आपल्या विषयाशी जुळते. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार म्हणून बंदी घातली होती. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाचा माणूस नगर परिषदेपुढे उभा राहिला, 'आता मधल्या वाटेने गोळी पाठवतो' असं आधी सांगितलं आणि तशीच पाठवून दाखवली. बंदी उठली. म्हणजे कसोटी काय, तर आधी सांगून करून दाखवता येतं का? आमच्या चाकावर शार्प उभा राहिला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

पट्टी आणि चढ

आता सुतारकाम. प्लायवूडची पूर्ण शीट ८ बाय ४ फूट असते. ती लांबीत मधोमध कापली की २ फूट रुंद आणि ८ फूट लांब पट्टी मिळते. आम्ही तेवढीच ठेवली. पहिल्यांदा पैसे वाचवायला स्लॅबच्या सेंट्रिंगचा जुना प्लाय आणला. चूक झाली. पाणी पिऊन तो लाटेसारखा झाला होता आणि चेंडू दरवेळी डावीकडे वळायचा. मग कारंज्याहून १८ मिमीची नवी शीट आणली. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सहा इंच उंच फळ्या लावल्या.

चढ हे या खेळाचं हृदय. सपाट पट्टीला तिरपी फळी ठोकून चालत नाही. जोडावर कोन आला की चेंडू तिथेच टप्पा घेतो आणि पुढचं सगळं नशिबावर जातं. तिथे गोलाई हवी. मिस्त्रीकाकांनी जाड फळीच्या चार वक्र पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यावर ४ मिमी प्लायचे दोन थर ओले करून वाकवले. वाळल्यावर फेविकॉल लावून दोन दिवस दाबून ठेवले. चढाची उंची १५ सेंमी आणि चेंडू सुटतानाचा कोन ३० अंश.

चेंडूसाठी आम्ही तीन प्रयोग केले. टेनिस बॉल कडीत पडून उडी मारून बाहेर येतो. क्रिकेटचा लेदर बॉल शिवणीवर आला की दिशा बदलतो. शेवटी खरादीकडून बाभळीच्या लाकडाचे नऊ गोळे काढून घेतले. व्यास साडेसात सेंमी, म्हणजे मूळ खेळातल्या तीन इंचांच्या जवळपास. वजन १७० ग्रॅमच्या आसपास.

मी गणितात केलेली चूक

गावी येऊन मी पहिल्यांदा काय केलं असेल? सिम्युलेशन लिहिलं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एका पोराचं चेंडू सोडणं रेकॉर्ड केलं. पट्टीवर ३० सेंमी अंतरावर दोन खुणा केल्या. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत चेंडूला एवढं अंतर कापायला साधारण २१ फ्रेम लागल्या. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर. हा 'मध्यम हात' धरला.

सिम्युलेशनने सांगितलं की चेंडू चढावरून सुटून सुटण्याच्या उंचीला परत येईल तेव्हा तो ८२ सेंमी पुढे असेल. त्या जागी ५० गुणांची कडी बसवली. मग माणसाच्या हाताचा फरक नको म्हणून एक घसरगुंडी बनवली. साधारण ९० सेंमी उंचीवरून गोळा सोडला की तो पट्टीवर बरोबर साडेतीन मीटरच्या वेगाने येतो. गोळा सोडला. कडीच्या वरच्या काठाला लागून परत. पुन्हा सोडला. पुन्हा वरचा काठ. दहा वेळा सोडला, दहाही वेळा तेच.

भाऊ म्हणाला, "ताई, हा गोळा खोटं नाही बोलत. तुझंच काहीतरी चुकलं."

खरंच चुकलं होतं. मी चेंडू बर्फावरून घसरतोय असं धरलं होतं. पण तो घरंगळतो. भरीव गोळा घरंगळताना त्याच्याकडे पुढे जाण्याची ऊर्जा असतेच, शिवाय स्वतःभोवती फिरण्याची ऊर्जाही असते, आणि ती पहिलीच्या दोन पंचमांश असते. चढ चढताना उंचीची किंमत दोन्ही मिळून भरतात. म्हणून पुढे जाण्याचा वेग मी धरला होता त्यापेक्षा कमी घटतो. हिशेब पुन्हा केला: ८२ नव्हे, ९० सेंमी. कडी वर सरकवली. घसरगुंडीवरून गोळा सोडला आणि तो सरळ आत गेला. आवाज काय आला म्हणून सांगू!

आता लक्षात घ्या, ५० ची कडी म्हणजे ११० मिमी पीव्हीसी पाइपची कापलेली चकती. आतून ती साधारण १०४ मिमी. गोळा ७५ मिमी. म्हणजे चुकायला दोन्हीकडे दीड-दीड सेंमी. माझी आठ सेंमीची चूक तिथे कशी खपणार?

सोपं-अवघड कुठे ठरतं

खेळ बनवणाऱ्याची सत्ता इथे असते. वेग ३ मीटर असेल तर गोळा सुमारे ६१ सेंमी जातो, ४ मीटर असेल तर १२३ सेंमी. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला आणि अंतर दुप्पट झालं. साडेतीनच्या वेगात दहा टक्के जास्त जोर लागला तरी गोळा २२ सेंमी पुढे जातो. एवढी चूक शिक्षा म्हणून फार झाली. कुणीच शिकू शकणार नाही.

म्हणून निशाणाची पाटी आडवी ठेवत नाहीत, खेळणाऱ्याकडे तोंड करून तिरपी ठेवतात. आमची २२ अंशांवर आहे. पुढे जाणाऱ्या गोळ्याला पाटी वर येऊन भेटते, त्यामुळे तीच २२ सेंमीची चूक पाटीवर १४ सेंमीच्या आसपास दिसते. पाटी आणखी उभी केली तर खेळ आणखी सोपा होतो. आणि ५० ची कडी एकटी ठेवायची नाही. तिच्याखाली ४०, मग ३०, मग २०. या कड्या मोठ्या होत जातात. आम्ही त्यांच्यासाठी रंगाच्या रिकाम्या बादल्यांचे काठ कापून वापरले. सगळ्यांना कवेत घेणारा खालचा मोठा कप्पा १० चा. म्हणजे थोडी चूक झाली तर थोडं नुकसान, जास्त झाली तर जास्त. हात किती चुकला, ते गुणच सांगतात.

खोटेपणा करायचा असता तर तोही इथेच करता आला असता. ५० ची कडी पाच मिमीने अरुंद करा, किंवा तिचा काठ जरा उंच ठेवा. गोळा काठावर नाचेल, बघणारे ओरडतील आणि आत जवळजवळ कधीच जाणार नाही. बाहेरून काही कळणारही नाही. जत्रेतल्या रिंग टाकायच्या खेळात साबणाच्या वडीवर रिंग जेमतेम मावते, ते तुम्ही पाहिलंच असेल.

मोजणी, ऊन आणि सायकलचा आरा

इलेक्ट्रॉनिक्स थोडक्यात. प्रत्येक कडीखाली इन्फ्रारेड सेन्सर लावला आणि ईएसपी३२ बोर्डवर गुणांची बेरीज. घरात झकास चाललं. अंगणात नेलं तर कुणी गोळा न टाकताच गुण वाढायला लागले. दुपारच्या उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, साधा सेन्सर त्यात आंधळा होतो. मग सेन्सर काढून मायक्रोस्विच बसवले आणि त्यांच्या पट्टीला सायकलचा आरा बांधून तो गोळ्याच्या वाटेत आणला. गोळा आऱ्याला ढकलून जातो, स्विच दाबला जातो. पण स्विचचा पत्रा थरथरतो आणि एकच गोळा तीनदा मोजला जातो. म्हणून कोडमध्ये एकदा मोजल्यावर पुढचे ३०० मिलिसेकंद त्या कडीकडे दुर्लक्ष केलं. वीज जाते म्हणून सगळं पॉवर बँकेवर. पट्टीखाली परतीचा उतार, फुटाला अर्धा इंच, म्हणजे गोळे आपोआप खेळणाऱ्याकडे येतात. प्लाय, गोळे आणि मजुरी धरून सगळा खर्च सहा हजारांच्या आत बसला.

मेळाव्याचा दिवस

शाळेचं पटांगण एका बाजूला उतरतं. गवंड्याकडे असते ती पाण्याची पारदर्शक नळी आणून पट्टी समतल केली, पायांखाली विटांचे तुकडे दिले. घसरगुंडीवरून सर्वांसमोर गोळा सोडून दाखवला. गोळा ५० मध्ये पडला. पोट्ट्यांना सांगितलं, असा हात बसला की असंच होणार.

बक्षिसावरून मात्र आमची चर्चा झाली होती. पाच रुपयांत नऊ गोळे, आणि जास्त गुण करणाऱ्याला पैसे? भाऊच म्हणाला, नको. मग नियम असा ठरवला: प्रत्येकाचा आकडा फळ्यावर त्याच्या नावापुढे लिहायचा, आणि स्वतःचाच आधीचा आकडा मोडला की पुढचा डाव फुकट. दुसऱ्याशी शर्यतच नाही.

तिसरीतली एक पोरगी आली. पहिल्या डावात ११०. बहुतेक गोळे पाटीपर्यंत पोचलेच नाहीत, नुसते १० मध्ये. दुसऱ्या डावात फार जोर, गोळे वरच्या काठावर. माझ्या भावाने तिला काही शिकवलं नाही, फक्त विचारलं, "मागचा कुठी लागला?" ती म्हणाली, "वर." "मंग?" ती हसली. पुढचा गोळा हळू सोडला. सातव्या-आठव्या डावाला ती २१० वर होती आणि एकही जास्तीचा रुपया दिला नव्हता.

मी तिच्या मागे उभी होते. ५० च्या काठाला लागून गोळा परत आला तेव्हा ती ओरडली, "थोडक्यात हुकलं!" हेच शब्द ऐकायला मिळावेत म्हणून कधीकाळी मी कोड लिहिलं होतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तिला त्या हुकण्यातून काहीतरी कळलं होतं. गोळा वर लागला म्हणजे जोर जास्त झाला. डावीकडे लागला म्हणजे मनगट वळलं. आमच्या चाकाचं हुकणं तुम्हाला काहीच सांगत नव्हतं. पुन्हा फिरवा, एवढंच.

म्हणून मंडळी, कुठलाही खेळ समोर आला, मोबाइलवर असो की जत्रेत, तर मी आता तीन प्रश्न विचारते. अगदी तसाच हात लावला तर अगदी तसंच होतं का? हुकलं तर का हुकलं ते दिसतं का? आणि शंभर डाव खेळलेला माणूस पहिल्यांदा खेळणाऱ्यापेक्षा खरंच बरा खेळतो का? तीनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर पैसे खिशात ठेवा.

भावाचं देणं अजून फिटलेलं नाही. तूर आली की थोडं देऊ म्हणतो. ते चाक मी लिहिलं होतं हे काकांना अजून माहीत नाही. हा भाग त्यांनी ऐकला तर कळेल, आणि मग मला ओट्यावर बसून बोलावं लागेल. बोलेन.

खेळ आता शाळेतच आहे. मधल्या सुट्टीत चालतो. मायक्रोस्विच दोनदा तुटले, तर पोरांनी बेरीज खडूने फळ्यावर करायला सुरुवात केली. सर म्हणतात, राहू द्या तसंच. मलाही चालतंय. तुम्ही बनवणार असाल तर गोलाईवर घाई करू नका आणि गोळा घरंगळतो हे विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.